हात पिठात असताना

कागदवाला आला की "हाव", म्हणजे हो, म्हणायचं, हे माझ्या बहिणीला मी शिकवलं. दुसऱ्या कुणी नाही. म्हणून पुढं जे झालं त्याचा दोष वाटून घ्यायला मी कुणाला बोलावणार नाही.

भूकंप झाला त्या साली मी तेरा वर्षांचा होतो आणि नीलम्मा सात. आमचं गाव औसा तालुक्यात होतं. आई-बाप दोघंही त्यात गेले. त्याच्यावर मी लिहिणार नाही. बाहेरून आलेल्या लोकांनी त्याच्यावर लई लिहिलं, फोटो काढले आणि निघून गेले. आम्हा दोघांना आत्यानं, पारूबाईनं, पत्र्याच्या शेडमध्ये आपल्यापाशी ठेवून घेतलं. नीलम्मा जन्मापासूनच मागं होती. उशिरा चालली, त्याहून उशिरा बोलली, आणि बोलली तरी दोन-चार शब्द. गावात तिला येडी म्हणायचे. तेच लोक आता दिव्यांग म्हणतात. म्हणताना तोंड मात्र तसंच करतात.

शेडच्या दिवसांत कागदवाल्यांचा सुळसुळाट होता. तलाठी यायचा, सर्वेवाले यायचे, संस्थावाले यायचे, कॉलेजची पोरं फॉर्म भरून घ्यायला यायची. पहिला जो आला तेव्हा मी टँकरवर होतो आणि आत्या सरपणाला गेली होती. त्यानं नीलम्माला विचारलं, तू इथंच राहतेस का, घरात कोण कोण वारलं. नीलम्मा पत्र्याच्या छिद्रातून जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या ठिपक्याकडं बघत बसली होती. तशीच बसून राहिली. त्यानं दोनदा विचारलं आणि पोरगी मंद आहे म्हणून पुढच्या शेडला गेला. आमचं नाव यादीतून सुटलं. शेजारी ब्लँकेटं आली, स्टोव्ह आले, भांडी आली. आम्ही बघत राहिलो. नाव चढवायला आत्याला सगळा हिवाळा हेलपाटे घालावे लागले.

मग मी ठरवलं की हिला तयार करायचं. ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घेतला, हातात शाळेची वही धरली आणि कागदवाला झालो. तुझं नाव नीलम्मा का? हाव म्हणाली की एक बिस्कीट. आई-बाप वारले का? हाव, बिस्कीट. गप्प राहिली तर बिस्कीट नाही, वर एक चापट. चार दिवसांत शिकली. आपण लई शहाणे आहोत असं वाटलं मला. पुढं कुणी वही उघडली की ही उभी राहायची, हात बाजूला सोडायची आणि तयार व्हायची. एका बाईंनी विचारलं, शाळेत जातेस? हाव. कधीच गेली नव्हती. दुसऱ्यानं विचारलं, आई कुठाय? हाव. आजूबाजूची पोरं हसली, मीही हसलो.

आमचं नाव मात्र नंतर एकाही यादीतून सुटलं नाही.

पंचवीस वर्षं निघून गेली. आत्या गेली. मी लातूरला आलो. कॉलेज झालं नाही. क्लासच्या पोरांनी टाकून दिलेल्या नोट्स रद्दीवाल्याकडून आणून वाचल्या, त्याच्यावर जे काही आलं ते आलं. एका मोठ्या क्लासमध्ये चिकटलो. सर म्हणून नाही. टेस्टचे पेपर काढायचे, वाटायचे, गोळा करायचे आणि उत्तरपत्रिका मशिनीत घालायच्या, हे माझं काम. दर रविवारी हजारभर पोरं खाली मान घालून गोल काळे करतात आणि मी रांगांमधून हिंडतो. एका प्रश्नाला चार गोल. एक काळा करायचा. कुणी चारही काळे केले तर मशीन ते उत्तर बाद करते. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

नीलम्मा माझ्याकडंच राहायची. बायको म्हणाली, दिवसभर घरात भिंतीकडं बघत बसते, तिला कुठंतरी गुंतवा. आमच्या गल्लीच्या टोकाला बानोआपाची मेस होती. क्लासच्या पोरींसाठी, शाकाहारी. साठ-सत्तर डबे जायचे. बानोआपा विधवा बाई, तिच्या सासऱ्यापासून ते घर लातुरात. मी बिचकत विचारलं तर म्हणाली, "भाकरी थापता येती का? येत नसंल तर शिकंल. भेज दो."

आत्यानं तिला भाकरी शिकवली होती. नीलम्मा सकाळी आठला जायची, काटवटीपुढं बसायची, ज्वारीच्या पिठात कोमट पाणी ओतून मळत राहायची. एक उंडा झाला की थापायला घ्यायची. दुपारपर्यंत शंभरावर भाकरी. एकीची कड फाटलेली दाखवा. गावाकडच्या काही लोकांनी टोमणे मारले, लिंगायताची पोरगी मुसलमानिणीच्या चुलीपुढं बसवली म्हणून. त्यांच्या चुलीपुढं तिला आयुष्यात कुणी बसवलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं.

दोन-तीन महिन्यांनी बानोआपानं मला बोलावून घेतलं. म्हणाली, भाऊ, तुम्हाला एक गोष्ट माहीत हाय का? ही पोरगी न्हाई म्हणती.

मला वाटलं, काम करत नाही अशी तक्रार आहे. तशी नव्हती. झालं असं होतं, की आपा एके दिवशी कामात होती आणि सहज बोलून गेली, निल्ली, पाणी पुरं झालं का? नीलम्मा मळता मळता म्हणाली, "न्हाई." आपाच्या हातातली पळी थांबली. दोन-तीन महिन्यांत हा शब्द तिनं या पोरीच्या तोंडून ऐकला नव्हता. मग ती बघत गेली. रिकामी बसलेली असताना विचारलं, दमलीस का, तर हाव. घरी जायचं का, तर हाव. इथंच झोपतेस का, तरी हाव. आणि हात पिठात असताना विचारलं की खरं उत्तर यायचं. तेव्हा न्हाईसुद्धा यायचं, हावसुद्धा यायचं, आणि दोन्ही खरे असायचे.

"हात खाली असले की डरती," बानोआपा म्हणाली. "हात कामात असले की तिचं डोकं मोकळं. अन् तुमी लोकं हिला समोर उभी करून सवाल करता, मग जवाब बी तुमचाच येतो."

आपानं त्याची रीतच बसवली होती. महत्त्वाचं काही असलं की एकदा विचारायचं नाही. आज पीठ मळताना विचारायचं, उद्या तोच प्रश्न उलटा करून विचारायचा. केस कापायचे का? न्हाई. दुसऱ्या दिवशी, केस राहू द्यायचे का? हाव. दोन्ही जुळले, मग कात्री बाजूला. मेसच्या पोरीही शिकल्या. डब्यासाठी आल्या की निल्लीदीदी पिठात आहे का बघायच्या आणि मगच बोलायच्या.

इतकी वर्षं ती माझ्याजवळ होती. मी कधी बघितलं नाही. ते ऐकलं तेव्हाही मला आनंद झाला नाही. थोडा राग आला, की ही परकी बाई मला माझी बहीण समजावून सांगते.

मग २०१८ चा जून आला. निकाल लागला. क्लासवाल्यांनी गुणवंत पोरांची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, बँड, फटाके, चौकाचौकात फ्लेक्स. नीलम्मा मेसमधून घरी यायला निघाली होती, ती बँडच्या मागं गेली. मिरवणूक स्टँडजवळ फुटली. ही गर्दीबरोबर आत गेली आणि एका एसटीत चढली. कंडक्टरनं तिकिटाची मशीन हातात धरून विचारलं असणार, अहमदपूर? आणि तिनं हाव म्हटलं असणार.

आम्ही चार तास धुंडाळत होतो. मी क्लासची पोरं गल्लोगल्ली धाडली. बायको उंबऱ्यावर बसून रडत होती. शेवटी अहमदपूरच्या स्टँडवरून फोन आला. बानोआपानं नीलम्माच्या पिशवीला आतून कापडाचा तुकडा शिवून त्यावर नंबर लिहिला होता, तो कंट्रोलरनं वाचला. मी गेलो तेव्हा ती बाकावर बसून कुणीतरी दिलेल्या शेंगा सोलत होती. मला बघून हसली.

त्या दिवसापासून मला झोप नाही. कुणी उद्या तिला लॉजवर घेऊन गेलं आणि विचारलं, येतेस का, तर? मी हा प्रश्न रोज स्वतःला विचारायचो, आणि त्याचं उत्तर मीच तिला शिकवलेलं होतं. बायको म्हणाली, बहीण तुमची, अन् जीव टांगणीला माझा. खोटं नव्हतं ते.

लोहा गावाच्या पुढं, रस्त्यापासून आत, नीलम्मासारख्यांसाठी एक घर आहे असं कळलं. मी जाऊन बघून आलो. खोटं बोलणार नाही, घर चांगलं होतं. फरशी पुसलेली, खाटांवर धुतलेल्या चादरी, दार बंद, बाहेर वॉचमन. दाखल करायला एकच अडचण होती. बत्तीस वर्षांची बाई आहे, तिला ठेवायचं तर कायदेशीर पालक पाहिजे. जिल्ह्याच्या समितीपुढं अर्ज करा, हुकूम आणा.

मी अर्ज लिहायला आनंदराजकडं गेलो. आनंदराज बानोआपाच्या मेसचं गिऱ्हाईक. दोन्ही पायांना पोलिओ, तीनचाकी सायकल, कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा आणि अपंगांचे कायदे तोंडपाठ. त्यानं माझा अर्ज लिहायला नकार दिला.

म्हणाला, शिवलिंगभाऊ, नवा कायदा येऊन दोन वर्षं झाली. त्यात लिहिलंय की कायद्यापुढं तुमच्या बहिणीची पत तुमच्याइतकीच. निर्णय घ्यायला मदत लागत असेल तर मदत द्या. मदत करणाऱ्यानं निर्णय पळवायचा नाही. पालक नेमायचाच असेल तर मर्यादित, एखाद्या गोष्टीपुरता, आणि तोही तिच्याशी बोलून. तुम्ही तर तिला आख्खी मागताय.

मी म्हणालो, तिला काही कळत नाही.

"तिला कळतं का ते बघायला तुम्ही कधी थांबलात?" तो म्हणाला. "चला, आपाकडं चला."

आम्ही गेलो. सकाळची वेळ होती, डब्यांची घाई. नीलम्मा काटवटीत कोपरापर्यंत पिठात. बानोआपा फोडणी देत होती, तिनं आमच्याकडं बघितलंही नाही, पाठमोरीच बोलली.

"निल्ली, लोह्याकडं घर हाय. तिकडं राहायला जाशील?"

"न्हाई."

"भाऊच्या घरी राहशील?"

नीलम्मानं पाण्याचा हबका मारला, मळत राहिली.  मला वाटलं संपलं. मग म्हणाली, "झोपाया."

"अन् दिवसा?"

"हितं."

आपानं दुसऱ्या दिवशीही मला बोलावलं आणि प्रश्न फिरवून विचारले. इथं काम करायचं का? हाव. लोह्याकडं भाकरी करायला नाही मिळत, तरी जायचं? न्हाई. तसूभर फरक नाही. मी डोळ्यांनी बघितलं, कानांनी ऐकलं. आनंदराज म्हणाला, एक माणूस तिला मेसवर आणायला, घरी पोचवायला लावा, एवढीच मदत हवीय. मेसच्या पोरी आळीपाळीनं करतो म्हणाल्या. आपानं तर वारही वाटून टाकले.

आणि तरी मी अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतला.

का, ते सांगतो. मला ते पीठ पोरखेळ वाटलं. मला वाटलं, कचेरीत मोठी माणसं बसतात, तिथं मी काय सांगू, साहेब, माझी बहीण पिठाशी बोलते? शेडमध्ये वाढलेल्या पोराला कचेरीची लाज फार असते. आणि मला एक रात्र तरी निवांत झोपायचं होतं. त्यासाठी मी तिचं बाकीचं सगळं आयुष्य द्यायला निघालो होतो.

समितीपुढं तारीख ऑक्टोबरात लागली. कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण त्या दिवशी कचेरीपेक्षा मोठा गुन्हा माझा होता. मी नीलम्माला नवी साडी नेसवली. बानोआपा न सांगता आली. हातात फडक्यात बांधलेली परात, त्यात पीठ, आणि थर्मासमध्ये कोमट पाणी. मागं आनंदराज तीनचाकीवर. दारावरच्या शिपायानं विचारलं, जेवणाचा डबा का मावशी, बाहेर बसून खा. आपा म्हणाली, जेवाया न्हाई, बोलाया लागतं. शिपाई हसला. रांगेतली माणसंही हसली. आनंदराज मला म्हणाला, हसू द्या. माझ्या सायकलीसाठी पायऱ्यांवर फळी टाका म्हटलं तेव्हाही हसले होते. मला जशी फळी, तसं तिला पीठ. आत गेल्यावर तुम्ही फक्त मागा. कायद्यानं द्यावंच लागतं.

मी मान हलवली.

आत टेबलामागं चार जण. मधले साहेब वाईट नव्हते, दमलेले होते. त्यांच्यापुढं त्या दिवशीची ही विसावी फाईल. त्यांनी नीलम्माकडं बघून नीट विचारलं, हिला समजावून सांगणारं, हिचं म्हणणं आम्हाला सांगणारं कुणी सोबत आहे का?

तेवढं एक दार होतं. कायद्यानं ठेवलेलं, आणि त्या माणसानं स्वतः होऊन उघडलेलं. मी म्हणायचं होतं, बाहेर एक बाई परात घेऊन बसली आहे, तिला आत बोलवा. तोंडापर्यंत आलं होतं. टेबलावरच्या काचेत मला माझा इस्त्रीचा शर्ट दिसत होता.

"मी आहे ना साहेब," मी म्हणालो. "मी सख्खा भाऊ."

साहेबांनी फाईल उघडली. कागद वाजला तशी नीलम्मा उभी राहिली. हात बाजूला सोडले. मला शेडमधली सात वर्षांची पोरगी दिसली.

"हा भाऊ तुझा पालक झालेला चालेल?"

"हाव."

"लोह्याच्या त्या घरात राहायला जाशील?"

"हाव."

 साहेबांना काहीतरी खटकलं असावं. म्हणाले, "की नको?"

"हाव."

शेजारच्या बाई हसल्या, म्हणाल्या, गोड आहे. साहेबांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली आणि बघत राहिलो. मग त्यांनी सही केली.

आमच्या क्लासात चारही गोल काळे केले तर उत्तर बाद होतं. लाखांची मशीन असू द्या, तिला एवढं कळतं. त्या खोलीत नीलम्मा सोडून पाच माणसं होती.

बाहेर आलो तेव्हा बानोआपा पायरीवर बसली होती, परात मांडीवर. माझ्या तोंडाकडं बघून तिनं ओळखलं.  फडक्याची गाठ सुटली होती ती पुन्हा बांधली आणि नीलम्माच्या पदराला लागलेली धूळ झटकली. आनंदराजनं विचारलं, मागितलं का? मी म्हणालो, विचारलंच नाही त्यांनी. हे मी पहिल्यांदा लिहून कबूल करतो आहे. ते खोटं होतं.

दिवाळीनंतर नीलम्माला लोह्याकडं सोडलं. बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली तेव्हा तिनं बाकाकडं बोट केलं. तिला आठवत होतं. मी शेंगा घेऊन दिल्या.

त्या घरात स्वयंपाकघराला जाळीचं दार आहे आणि आतल्या लोकांना तिथं जायची मनाई. गॅस असतो, विळी असते, नियम आहे. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, दुसऱ्या कुणासाठी तो बरोबर असेल. मी फक्त एवढंच सांगतो की माझ्या बहिणीचे हात रिकामे झाले. रोज संध्याकाळी मॅडम नोंदवही घेऊन खाटेखाटेपाशी जातात. जेवलीस? हाव. पोट साफ झालं? हाव. बरं वाटतंय ना इथं? हाव. वहीत रोज तेच लिहिलेलं. आनंदी आहे. रुळली आहे. मी महिन्यातून एकदा जायचो, ती वही वाचायचो आणि निवांत परत यायचो.

तिसऱ्या खेपेला तिच्या तळहाताला भेगा दिसल्या. विचारलं तर मॅडम म्हणाल्या, दिवसभर भिंतीवर हात घासते. मग मी बघितलं कशी घासते. गोल, दाबून, मध्येच उलटा हात मारून. ती भिंतीवर पीठ मळत होती.

मी तिथून सरळ बानोआपाकडं गेलो. दारातच उभा राहिलो. मेसमध्ये आता दुसरी बाई भाकरी करत होती. आपानं बस म्हटलं नाही. मी सगळं सांगितलं, कचेरीतल्या त्या प्रश्नाचंही सांगितलं. आपानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला ठाऊक हाय. साहेबाचा आवाज बाहेर येत होता."

चार महिने तिला ठाऊक होतं. मी रोज तिच्या दारावरून कामाला जात होतो.

ती आत गेली, डब्यात पीठ भरून आणलं. म्हणाली, मला नका नेऊ, तुमीच जा. तुमीच विचारा. तुमच्या तोंडानं विचारलं पायजे.

पुढच्या रविवारी मी टेस्ट सोडून लोह्याला गेलो. भेटीच्या खोलीत फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, परात ठेवली, पीठ ओतलं, पाणी ओतलं. नीलम्मा बघत राहिली. मग खाली बसली. भेगा पडलेले हात पिठात घातले तेव्हा झोंबलं असणार, तिनं दात आवळले, पण हात काढले नाहीत. मी वाट बघितली. बानोआपा जितकी बघायची तितकी बघितली.

मग विचारलं, "नीले, इथं राहायचं?"

"न्हाई."

"मग कुठं?"

तिनं मळणं थांबवलं नाही. "आपा."

मी पुढचं विचारणार होतो, मला माफ केलंस का, असलं काहीतरी. विचारलं नाही. त्याचं उत्तर तिनं द्यायला पाहिजे असं कुठं आहे?

वेळ संपली म्हणून मॅडम आल्या. हातात नोंदवही. भेटीनंतर अंगठा घ्यायची त्यांची पद्धत. पीठ बघून कपाळाला आठ्या, पण रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चल नीलम्मा, हात धू, अंगठा दे. नीलम्मा उठली. वही बघितली. मला वाटलं आता हात बाजूला सोडेल. तिनं परातीतला उंडा उचलला आणि दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"हात उघड. धुवायचेत ना?"

"न्हाई," नीलम्मा म्हणाली.

वही उघडी होती. कागदवाला समोर उभा होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती कागदाला न्हाई म्हणाली.

मॅडमनी खुर्चीवर बसून त्या दिवसाची नोंद केली. मी उलट्या बाजूनं वाचली. भाऊ भेटून गेल्यावर चिडचिड करते. सूचना ऐकत नाही. डॉक्टरांना दाखवावे.

मी त्या पानाची झेरॉक्स मागितली. म्हणाल्या, देता येत नाही, फक्त पालकाला. मी म्हणालो, मीच पालक. हुकूम दाखवला, सही केली. जो हक्क मला कधी मिळायलाच नको होता, तो मी त्या एका कामाला वापरला. जगातल्या सगळ्या कागदांत तिचा नकार तेवढ्या एका कागदावर आहे, आणि तिथंही त्याचं नाव चिडचिड आहे.

आनंदराजनं पालकत्व रद्द करायचा अर्ज लिहिला. या वेळी नाही म्हणाला नाही, पण माझ्याशी जास्त बोललाही नाही. झेरॉक्स जोडली. शेवटी त्यानं एक ओळ रिकामी सोडली आणि म्हणाला, सुनावणीला तिला कोणती मदत लागेल ते तुम्ही लिहा, तुमच्या अक्षरात. मी लिहिलं: परात, ज्वारीचं पीठ, कोमट पाणी, बानोआपा, आणि घाई नसलेला माणूस. अर्ज घेणाऱ्या बाबूनं ते वाचून शेजारच्याला दाखवलं. दोघं हसले. मी तिथंच उभा राहिलो, शिक्का पडेपर्यंत.

पहिल्या तारखेला साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या तारखेला निवडणुकीचं काम होतं. दोन्ही वेळा बानोआपा पीठ चाळून, परात बांधून कचेरीच्या पायरीवर येऊन बसली होती. दोन्ही वेळा आम्ही परत गेलो आणि त्या पिठाच्या भाकरी मेसच्या पोरींनी खाल्ल्या.

तिसरी तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर रोज संध्याकाळी लोह्याच्या पुढं त्या घरात दिवे लागतात, मॅडम वही घेऊन खाटेपाशी येतात आणि विचारतात, नीलम्मा, बरं वाटतंय ना इथं?

ती उठून उभी राहते, हात बाजूला सोडते आणि हाव म्हणते.